तुटलेल्या झाकणातून स्टीलच्या तारा स्वच्छ उपसून येतायत, सिमेंटची पकड वाढवायची कशी?

साचेवाला_इचलकरंजी

नमस्कार मंडळी. इचलकरंजीजवळ माझं प्रीकास्टचं छोटं युनिट आहे, चेंबरची झाकणं, फ्रेमा, गटारीवरचे स्लॅब, पाच माणसं आणि मी. आतापर्यंत हलक्या ग्रेडची झाकणं देत होतो, त्यात काही तक्रार नव्हती. आता पहिल्यांदा एचडी २० ची ऑर्डर मिळायची शक्यता आहे म्हणजे रस्त्यावरची, २० टन लोडवाली, आयएस १२५९२ (प्रीकास्ट झाकणांचं भारतीय मानक) प्रमाणे टेस्ट करून द्यायची. सॅम्पलची तीन झाकणं टेस्टिंगला पाठवली, दोन कशीबशी पास झाली आणि एक लोड पूर्ण व्हायच्या आतच गेलं.

तुटलेलं झाकण मी परत आणलं आणि शेडमध्ये बसून नीट बघितलं. तुटलेल्या तोंडावर तारा केसांसारख्या उभ्या आहेत आणि पक्कडने धरून ओढली तर तार अशी अलगद येते की जणू लोण्यातून काढली. आणि तार चकचकीत, सिमेंटचा एक कण चिकटलेला नाही. एकही तार तुटलेली दिसली नाही, सगळ्या उपसून आलेल्या. खाली सळईची जाळी आहे म्हणून झाकण दोन तुकडे होऊन पडलं नाही एवढंच.

माहिती देतो. तार सरळ, ०.५ मिमी जाड, ३० मिमी लांब, गोणीला ४ किलो टाकतो. माल एम ३५ (म्हणजे दर चौरस मिमीला ३५ न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट) धरून, १० मिमी खडी आणि क्रश सॅण्ड. पाणी गोणीला २५ लिटर ठरलेलं आहे पण माल साच्यात बसत नाही म्हटलं की पोरं वाढवतात, किती ते खरं सांगायचं तर मोजलेलं नाही. व्हायब्रेटर टेबल आहे. दुसऱ्या दिवशी साचा काढतो, मग तीन दिवस पाणी मारतो.

एक जण म्हणतो तारेला इपॉक्सी लाव, दुसरा म्हणतो एसबीआर लेटेक्स (पातळ कृत्रिम रबर) घाल, तिसरा म्हणतो तार डबल कर. हे सगळं करायचं तर झाकणाचा भाव कुठे जाईल. नेमकं कुठे चुकतंय ते कळलं तर तेवढंच करीन. कुणी हे काम केलेलं असेल तर सविस्तर सांगा, मनापासून विचारतोय.

निवृत्त_उपअभियंता

तुम्ही तुटलेला तुकडा परत आणून बघितलात हेच बरोबर केलंत, बहुतेक जण रिपोर्ट बघतात आणि सप्लायरला फोन करतात.

आधी एक काम करा. तार जिथून निघाली तिथलं भोक भिंगातून बघा. भोक गुळगुळीत आणि आत पांढुरकं दिसतंय का? तसं असेल तर तारेभोवती पाणी साचलं होतं. दुसरं म्हणजे तुमच्याकडची कोरी तार पांढऱ्या कागदावर घासा आणि मग तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब पसरला तर ठीक. गोळा होऊन घरंगळला तर तारेवर चरबट काहीतरी आहे. तार डायमधून ओढून बारीक करतात तेव्हा साबणाची पावडर वापरतात, कॅल्शियम किंवा सोडियम स्टिअरेट, आणि ती थोडी तारेवर राहते. आता लक्षात घ्या, हेच कॅल्शियम स्टिअरेट वॉटरप्रूफिंगच्या पावडरीतसुद्धा असतं, कारण ते पाणी झटकतं. म्हणजे ज्या तारेला सिमेंटच्या ओल्या लगद्याने भिजवून घ्यायला पाहिजे तिलाच आपण रेनकोट घातलेला आहे.

आणि शेडमध्ये तारांचं पोतं कुठे ठेवता? साच्याला लावायचं जळकं ऑइल कुठे असतं? ज्या हाताने साच्याला ऑइल लावतात त्याच हाताने तारा टाकतात का? राग मानू नका, नोकरीत असताना मी अशा शेड पुष्कळ बघितल्या आहेत.

सळईच्या बाबतीत आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) मध्ये साफ लिहिलेलं आहे की तेल, रंग, चिखल, सुटा गंज काही असता कामा नये. तार बारीक म्हणून तिला तो नियम नाही असं आपण उगाच धरून चालतो, उलट बारीक तारेला तो जास्त लागू, कारण एक किलो सळईचा पृष्ठभाग बघा आणि एक किलो तारेचा बघा.

जाता जाता सांगतो, धागा आणि माल यांची पकड हा विषय आपल्याकडे नवा नाही. शेणामातीत पेंढा आपले आजोबा घालत होतेच. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडलेत, २०१६ साली करंट सायन्समध्ये त्याच्यावर लेख आला होता. सिमेंटच्या पत्र्यात अॅसबेस्टॉस घालायला ऑस्ट्रियात १९०० च्या सुमाराला सुरुवात झाली, आणि ते इतकं चाललं त्याचं मोठं कारण हेच की तो धागा अतिशय बारीक आणि सिमेंटच्या पाण्याला लगेच धरून घेणारा. माणसाच्या फुप्फुसाला तो घातक निघाला म्हणून जगभर त्याला पर्याय शोधत बसावं लागलं, आणि पर्यायी धागे सिमेंटला तेवढे सहज धरेनात. पकड कशी वाढवायची या प्रश्नावर एवढं संशोधन झालं त्यामागे हाही धागा आहेच.

लॅबवाली_पुणे

काकांनी मुख्य दुखणं पकडलंय. मी काँक्रीटच्या लॅबमध्ये काम करते, थोडं आकड्यांत सांगते म्हणजे तुम्हाला पैसे कुठे घालायचे ते ठरवता येईल.

तार सिमेंटमध्ये तीन प्रकारे धरली जाते. एक, चिकटून. दोन, घासून, म्हणजे चिकटलेलं सुटल्यावरही तार ओढताना कडेला जे घर्षण होतं ते. तीन, अडकून, म्हणजे तारेला बाक, हूक, चुणी असेल तर. सरळ तारेला तिसरं मुळात नाहीच. पहिलं तुमचं तेलाने गेलं. दुसरं पाण्याने गेलं. मग राहिलं काय.

आता हिशोब. ०.५ मिमीच्या तारेची ताकद समजा ११०० एमपीए (म्हणजे दर चौरस मिमीला ११०० न्यूटन) आहे, तर ती तुटायला साधारण २१६ न्यूटन म्हणजे २२ किलोचा ओढ लागेल. ३० मिमीची तार भेगेच्या बरोबर मध्ये आली तरी एका बाजूला १५ मिमीच रुतलेली असते, आणि मध्येच येईल असंही नाही, बहुतेक तारांची एक बाजू त्याहून आखूड असते. स्वच्छ सरळ तारेची पकड चांगल्या मालात ३ एमपीए धरू. परीघ गुणिले लांबी गुणिले पकड, येतात जेमतेम ७० न्यूटन, ७ किलो. म्हणजे सगळं नीट केलं तरी तुम्ही तारेची एक तृतीयांश ताकद वापरताय, बाकीच्या स्टीलचे पैसे पाण्यात. तेलकट तार आणि पाणीदार माल असेल तर याच्याही निम्मं. सरळ तार पूर्ण वापरायची तर तिची लांबी ९० मिमीच्या वर पाहिजे आणि तेवढी लांब तार मिक्सरमध्ये फिरवली तर नुसतं घरटं तयार होईल.

म्हणून तुम्हाला तुटलेली तार एकही दिसली नाही. ती दिसणारच नव्हती.

आता पाण्याचं. तारेच्या लगत साधारण ४०-५० मायक्रॉनचा एक पट्टा असतो (केस ७० च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या) जिथे सिमेंटचे कण दाटीने बसू शकत नाहीत, भिंतीला लागून खडी बसत नाही तसंच. तिथे पाणी जास्त, पोकळ्या जास्त आणि चुन्याचे मोठे मोठे स्फटिक वाढतात. पांढुरकं भोक दिसतं ते तेच. त्यात टेबलवर जास्त वेळ व्हायब्रेट केलं तर वर येणारं पाणी आडव्या तारेच्या पोटाखाली अडकतं आणि तिथे चक्क पाण्याची फट राहते. पोरांनी वाढवलेलं पाणी जातं कुठे तर नेमकं इथेच जातं.

मी तुमच्या जागी असते तर याच क्रमाने केलं असतं: पाणी गोणीला २० लिटरवर आणा, क्रश सॅण्डमधलं पाणीसुद्धा त्यातच धरून, आणि माल चालवायला पाण्याऐवजी पीसीई प्रकारचं सुपरप्लास्टिसायझर वापरा. तारा धुवा किंवा सरळ हूकवाल्या घ्या. सिमेंटच्या ७-८ टक्के सिलिका फ्यूम घाला. आणि क्युरिंग तीन दिवस हे फारच कमी आहे हो, टाकीत बुडवून ठेवा, निदान १४ दिवस. पकड म्हणजे शेवटी तारेला लागून सिमेंट किती पिकलं तेच आहे, आणि एप्रिलच्या उन्हात झाकणाची वरची इंच दीड इंच जागा तीन दिवसांत अर्धवट राहून सुकून जाते.

सिलिका फ्यूमचा कण सिमेंटच्या कणापेक्षा शंभरपट बारीक असतो, तो त्या पट्ट्यात जाऊन बसतो आणि चुन्याशी रिअॅक्शन करून तिथे घट्ट जेल तयार करतो. महाग आहे पण गोणीला चारेक किलोच लागतो. हाताळताना मास्क लावा, पोरांनाही लावायला लावा, यात हयगय नको.

ठेकेदार_सातारा

एवढा खटाटोप कशाला, तार ४ ची ८ किलो करा आणि लेटेक्स मारा, आम्ही ट्रिमिक्सच्या फ्लोअरला करतो, काही होत नाही.

लॅबवाली_पुणे

@ठेकेदार_सातारा दादा, जमिनीवरच्या फ्लोअरला खालून मुरुमाचा आधार असतो, झाकण चार कडांवर टेकून मधे लोंबकळतं, दोन्हींची तुलना नका करू. तार डबल केली तर माल आणखी कोरडा वाटेल, पोरं आणखी पाणी ओततील आणि मूळ दुखणं वाढेल. ८ किलो निसटणाऱ्या तारांपेक्षा ४ किलो धरून राहणाऱ्या कधीही चांगल्या.

लेटेक्सचं म्हणाल तर त्याने चिकटपणा वाढतो हे खरं, पण त्याची फिल्म तयार व्हायला काही दिवस ओलं क्युरिंग झाल्यावर वाळावं लागतं. हे झाकण आपण टाकीत बुडवायला सांगतोय. दोन्ही एकदम जमत नाही. दुरुस्तीच्या गिलाव्यात लेटेक्स जरूर वापरा, तिथे त्याची जागा आहे.

एल्बकाठचा

मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत ड्रेस्डेनला कार्बन धाग्याच्या काँक्रीटवर काम करतो, त्यामुळे धागा वाचून थांबलो. इथे विद्यापीठाच्या आवारात २०२२ मध्ये कार्बन काँक्रीटची एक पूर्ण इमारत उघडली, क्यूब म्हणतात तिला, छताची पाती वळून भिंत होते अशी. स्टीलच्या सळ्या नाहीत, कार्बनच्या धाग्यांच्या जाळ्या. कार्बन गंजत नाही म्हणून वरचं कव्हर एक-दोन सेंटिमीटर ठेवलं तरी चालतं, त्यामुळे भिंत पातळ होते आणि सिमेंट वाचतं.

पण पकडीचा प्रश्न आमच्याकडे वेगळ्याच रूपात येतो. कार्बनचा एक दोरा म्हणजे हजारो तंतूंचा जुडगा, काही दोऱ्यांत ५० हजारांच्या आसपास, प्रत्येक तंतू ७ मायक्रॉनचा. सिमेंटचे बरेचसे कण त्याहून मोठे. मग ते जुडग्याच्या आत शिरणार कसे? बाहेरच्या तंतूंना सिमेंट धरतं, आतले मोकळेच राहतात आणि ओढ आला की बाहेरचे तुटतात आणि आतले दुर्बिणीच्या नळीसारखे सरकत निघून येतात. मोसंबी सोलल्यासारखं, साल हातात आणि गर दुसरीकडे. म्हणून दोरा आधीच स्टायरीन ब्युटाडाईन किंवा इपॉक्सीत भिजवून घेतात म्हणजे सगळे तंतू एकजीव होतात. इपॉक्सी केलं तर बाहेरून गुळगुळीत होतं, मग ओल्या इपॉक्सीवर वाळू चिकटवतात. त्यातही अडचण अशी की हे प्लास्टिक आगीत मऊ पडतं आणि पकड सुटते, म्हणून आता दोरा अतिबारीक सिमेंटच्या पातळ लगद्यात भिजवायचे प्रयोग चालू आहेत. ते मला फार आवडतं, धागा आणि बाहेरचा माल एकाच जातीचा.

तुमच्या तारेला इपॉक्सी आणि वाळू लावायचा सल्ला कुणी दिला असेल तर तो इथून कुठून तरी उडत आला असणार. ०.५ च्या सुट्या तारेला ते करू नका, हूक करणं त्याहून कितीतरी स्वस्त आणि खात्रीचं.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे. पकड जितकी जास्त तितकं चांगलं असं नसतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी १९९० च्या दशकात वाकणारं काँक्रीट तयार केलं, त्यात पीव्हीए धागा असतो, १२ मिमी लांब, ३९ मायक्रॉन जाड, मालाच्या २ टक्के. साधं काँक्रीट ओढलं तर ०.०१ टक्का ताणात फुटतं, हे ३ ते ५ टक्के ताणलं जातं, शेकडो बारीक भेगा पडतात पण मोठी एकही नाही. आता गंमत बघा, पीव्हीए धागा सिमेंटशी इतका घट्ट बांधला जातो की तो सरकायच्या आत तुटतो, आणि तुटला की काँक्रीट पुन्हा साधंच. म्हणून त्या धाग्यावर मुद्दाम तेलाचा थर देतात, धाग्याच्या वजनाच्या १.२ टक्के. पकड कमी करण्यासाठी!

साचेवाला_इचलकरंजी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

काका, थेंब घरंगळला. कागदावर काळसर राखाडी डाग आला. आणि पोतं कुठे ठेवतो ते विचारलंत, तर जळक्या ऑइलच्या डब्याच्या शेजारीच, आणि हो, साच्याला ऑइल लावणारा आणि तारा टाकणारा मुलगा एकच आहे. हे मला रोज दिसत होतं आणि कधी डोक्यातच आलं नाही.

पण आता गोंधळलो. ड्रेस्डेनचे दादा म्हणतात तिकडे धाग्याला मुद्दाम तेल लावतात. मग माझ्या तारेवर तेल होतं ते चांगलं की वाईट? तेल काढायचं की लावायचं?

लॅबवाली_पुणे

काढायचं! निःसंशय काढायचं.

असं बघा, दोरीने विहिरीतून बादली काढताना दोरी हातातून सटासट निसटली तर बादली खाली जाते, आणि दोरी पुलीत घट्ट अडकली आणि आपण जोर लावत राहिलो तर दोरीच तुटते. दोन्हीत बादली गेलीच. आपल्याला हवी ती दोरी जोर खात खात सरकणारी. भेग पडल्यावर तार सरकताना जेवढी शक्ती खाते तेवढं झाकण टिकतं, त्यालाच टफनेस म्हणतात. पीव्हीए धागा तुटण्याच्या टोकाला आहे म्हणून त्याला थोडा ढिला करतात. तुमची तार निसटण्याच्या टोकाला आहे, तिला घट्ट करायचंय. पीव्हीएचं तेल कारखान्यात मोजून दिलेलं असतं, तुमचं जळकं ऑइल त्या हिशोबात बसतच नाही.

हाच विचार हूकच्या तारेलाही लागू होतो. हूकवाली तार ओढली जाते तेव्हा हूक आत सरळ होत होत बाहेर येतो, लोखंड वाकवायला जोर लागतो ना, तोच जोर आपल्याला मिळतो. पण माल एम २० सारखा कच्चा असेल तर हूक सरळ व्हायच्या आधी सिमेंटच चुरडतं. उलट माल एम ७०-८० चा आणि तार मऊ लोखंडाची असेल तर हूक सरळ न होता तार तुटते. तुमच्या एम ३५-४० ला ११०० च्या आसपासची हूकवाली तार बरोबर जोडी आहे. अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये, जिथे पाणी बाइंडरच्या (सिमेंट आणि सिलिका फ्यूमसारख्या पावडरी मिळून) चतुर्थांशाहून कमी असतं, तिथे १३ मिमीची ०.२ जाडीची सरळ तारसुद्धा भारी काम करते कारण तिथला माल इतका दाट असतो की नुसत्या घर्षणावर भागतं. म्हणजे चांगली तार कुठली असं विचारून उपयोग नाही, या मालाला कुठली, असं विचारायचं.

घरच्या घरी टेस्ट करून बघा, लाखाचं मशीन नको. ५० मिमीचे छोटे ठोकळे ओता, तुमच्याच मालातली खडी चाळून काढून. प्रत्येकात एक तार बरोबर १५ मिमी बुडेल अशी उभी ठेवा, थर्माकोलच्या तुकड्याने धरून. १४ दिवस पाण्यात ठेवा. मग ठोकळा शिकंजात धरा, तारेला लॉकिंग पक्कड लावा आणि तिला सामान मोजायचा लटकवायचा डिजिटल काटा अडकवून हळू ओढा, सर्वांत जास्त आकडा किती आला ते लिहा. प्रत्येक प्रकारचे निदान सहा सहा करा, एखाद दुसऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि नुसता आकडा नका बघू, सुटल्यावर तार एकदम येते की झगडत येते ते हाताला कळतं, तेही लिहा.

काथ्यावाली_वेंगुर्ला

मध्ये विचारते, माफ करा. आमच्याकडे काथ्या भरपूर, आम्ही काही बायका मिळून सिमेंटच्या कुंड्या आणि पातळ फरश्या करतो, त्यात काथ्या कापून घालतो. पहिल्या महिन्यात मस्त, भेग नाही. पावसाळा गेला की कुंडीच्या कडा फुटायला लागतात आणि तुटलेल्या जागी काथ्या सुटा होऊन हातात येतो. स्टीलला तेल हे कारण, मग काथ्याला काय? आम्ही तर तेल लावत नाही.

लॅबवाली_पुणे

ताई, माफी कसली, हाच तर प्रश्न. काथ्याचं दुखणं तारेच्या उलट आहे. तार पाणी घेत नाही, काथ्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी पितो. कोरडा काथ्या मालात घातला की तो आजूबाजूचं पाणी ओढून फुगतो, आणि माल घट्ट झाल्यावर वाळून बारीक होतो. धागा आकसला पण भोक तेवढंच राहिलं, मध्ये फट. पावसाळ्यात पुन्हा फुगतो, उन्हात पुन्हा आकसतो, प्रत्येक वेळी फट मोठी.

दुसरं, सिमेंटच्या आत पीएच १२.५ च्या वर असतो, तो अल्कली हळूहळू धाग्यातलं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज खातो. काथ्यात लिग्निन ४० टक्क्यांच्या वर आहे, तागापेक्षा कितीतरी जास्त, आणि सिमेंटमध्ये तो तागापेक्षा बरा टिकतोही, पण कायमचा नाही.

करण्यासारखं असं. काथ्या आधी पाण्यात उकळून घ्या, पाणी काळपट निघेल, ते टाकून द्या. मग चार-पाच वेळा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवा, असं केल्याने धागा नंतर कमी फुगतो. मालात घालताना तो भिजलेला पण निथळलेला असावा, कोरडा नको. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात बुडवायची पद्धत संशोधनात खूप वापरतात, त्याने वरचा मेणचट थर जाऊन पृष्ठभाग खरबरीत होतो, पण सोडा हातावर आणि डोळ्यात उडाला तर वाईट इजा होते, म्हणून हातमोजे चष्म्याशिवाय आणि नीट शिकवणारं कुणी नसताना ते करू नका. आणि सिमेंटचा काही भाग मेटाकाओलिनने (भाजलेल्या चिकणमातीची पावडर) बदलला तर मोकळा चुना कमी होतो आणि धागा जास्त टिकतो. फ्लाय अॅशनेही होतं, पण ती सावकाश काम करते, कुंड्यांना घाई नसेल तर चालेल.

काथ्यावाली_वेंगुर्ला

उकळून वाळवून हे तर आम्हाला सहज जमेल, चूल आणि ऊन दोन्ही आमच्याकडे आहे. आम्ही उलट काथ्या अगदी कडकडीत वाळवूनच घालत होतो, वाटायचं ओला घातला तर कुजेल. पुढच्या पावसाळ्यानंतर लिहिते काय झालं ते.

निवृत्त_उपअभियंता

पॉलिप्रॉपिलीनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण गिलाव्यात गोणीला १२५ ग्रॅमची पुडी टाकून लोक समजतात की भिंत मजबूत झाली. ते प्लास्टिक पाण्याला अजिबात धरत नाही, सिमेंट त्याला चिकटत नाही. ते ओल्या मालातल्या पहिल्या काही तासांच्या बारीक भेगा थांबवतं आणि तेवढ्यासाठी ते उत्तम. झाकणाच्या लोडसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका. जाड मॅक्रो सिंथेटिक येतं त्याच्या अंगावर मुद्दाम नक्षी दाबलेली असते, ती शोभेसाठी नाही, पकडीसाठी आहे. आणि बोगद्याच्या काँक्रीटमध्ये हाच बारीक धागा घालतात तिथे तर पकड नकोच असते, आगीत तो १६० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या रिकाम्या नळ्यांतून आतली वाफ बाहेर पडते, म्हणून काँक्रीटचे कपचे उडत नाहीत. कुठला धागा कशासाठी हे आधी ठरलं पाहिजे.

साचेवाला_इचलकरंजी

सात-आठ आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, पण ठोकळे पिकायला वेळ दिला.

चार प्रकार केले, प्रत्येकी सहा ठोकळे. आहे तशी तार आणि पूर्वीसारखं पाणी. आहे तशी तार आणि गोणीला २० लिटर पाणी अधिक प्लास्टिसायझर. तीच तार गरम पाण्यात धुण्याच्या पावडरीने दोनदा धुऊन, कोरडी करून, २० लिटरला. आणि हूकवाली, २० लिटर आणि सिलिका फ्यूम. ०.५ जाडीचीच घेतली, म्हणजे तुलना होईल.

पहिल्या प्रकारातल्या तारा ३ किलोच्या आत सुटल्या, दोन तर काटा अडकवतानाच हलल्या. नुसतं पाणी कमी केलं तेव्हा ४ च्या आसपास. धुतलेली साडेपाच ते साडेसहा. हूकवाली १३ ते १६ पर्यंत गेली, आणि ताईंनी म्हटलं तसं ती एकदम सुटली नाही, हाताला गचके जाणवत होते, एक, मग दुसरा, बाहेर आलेली तार बघितली तर हूक जवळजवळ सरळ झालेला. माझ्या सगळ्यात जुन्या कामगाराला मी ती तार दाखवली आणि धुतलेलीही दाखवली, तो बराच वेळ दोन्ही हातात धरून बघत बसला. दुसऱ्या दिवसापासून ऑइलचा डबा त्याने स्वतःच शेडच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलाय आणि पाणी मोजायला खुणा केलेली बादली आणलीय, मी सांगितलं नव्हतं.

मग झाकणं ओतली. हूकवाली तार, गोणीला ४ किलोच ठेवली. टाकी नव्हती म्हणून खड्डा खणून ताडपत्री घातली, त्यात १४ दिवस बुडवली, नंतर २८ दिवसांपर्यंत ओल्या पोत्याखाली. गेल्या मंगळवारी तीन पाठवली, तिन्ही पास. लॅबवाल्याला विनंती करून एक फुटेपर्यंत लोड करायला लावलं. भेग पडली तरी बराच वेळ ते लोड घेत होतं, आणि फुटलेल्या तोंडावर तारांची टोकं सरळ झालेली, काहींच्या अंगाला सिमेंट चिकटलेलं. तो तुकडा शेडमध्ये ठेवलाय.

खर्चाचं, कुणाला उपयोगी पडेल म्हणून. हूकवाली तार सरळपेक्षा महाग पडली, सिलिका फ्यूमही वाढला. पण फेल जाणारी आणि कोपरे फुटून परत येणारी झाकणं धरली तर मला ते परवडतंय असं दिसतंय, नक्की आकडा दोन-तीन महिन्यांनी सांगेन.

आता एकच अडलंय. हूकवाल्या तारा गोंदाने चिकटवलेल्या पट्ट्यांमध्ये येतात, त्या आमच्या छोट्या मिक्सरमध्ये कधी कधी पूर्ण सुटत नाहीत, दहा-पंधरा तारांची पट्टी तशीच मालात जाते. मिक्सिंगचा वेळ वाढवला तर माल घट्ट व्हायला लागतो. पट्ट्या आधी पाण्यात भिजवून सुट्या करून घातल्या तर चालेल का?

लॅबवाली_पुणे

तुमचे आकडे बघून खूप आनंद झाला, खरंच. धुतलेल्या तारेचा आकडा कागदावरच्या ७ किलोच्या इतका जवळ येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

पट्ट्या आधी सुट्या करू नका, सुट्या तारा मिक्सरमध्ये पडल्या की एकमेकींत अडकून गोळे होतात, ते होऊ नये म्हणूनच त्या चिकटवलेल्या असतात. तो गोंद पाण्यात विरघळणारा असतो. तारा शेवटी टाकताय का? आधी खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी प्लास्टिसायझर घालून माल ओला होऊ द्या, मग पट्ट्या एकदम पोतं न उलटता मूठ मूठ सोडत घाला, आणि शेवटची मूठ पडल्यापासून पूर्ण वेगाने चारेक मिनिटं फिरवा. मिक्सर क्षमतेच्या दोन तृतीयांशच भरा. तरीही पट्ट्या राहिल्या तर घमेल्यात माल काढून मोजा किती राहतात, आणि मिक्सर कोणता आहे ते सांगा, ड्रमवाला की पॅनवाला?

साचेवाला_इचलकरंजी

ड्रमवाला, आणि आम्ही काठोकाठ भरतो. उद्या सकाळी दोन तृतीयांश भरून घालतो आणि घमेल्यातल्या पट्ट्या मोजून लिहितो.